सांगलीची हळद छपाईला चालेल?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रंगीत गम बायक्रोमेट छपाईत (डिंक, डायक्रोमेट आणि रंगाचा लेप देऊन उजेडात फोटो छापण्याच्या पद्धतीत) पिवळ्यासाठी ती घेऊ नका. तिचा रंग उन्हात उडतो. रंगाच्या ट्यूबवरच्या गोंडस नावाला भुलू नका, रंगद्रव्याचा क्रमांक वाचा: पिवळ्याला पीवाय १५१, किरमिजीला पीव्ही १९, निळ्याला पीबी १५. हा निळा भलता जोरकस. जास्त झाला तर धुऊनही कागद पांढरा होत नाही. पावसाळ्यात साताऱ्याकडच्या दमट हवेत डिंकाचा लेप अंधारातही घट्ट होऊ लागतो, म्हणून वाळताच छापा. डायक्रोमेट विषारी आहे. हातमोजे हवेतच, धुवणही कृष्णेत जाता कामा नये.

हळदीचं उडणं अँथोटाइपमध्ये, म्हणजे वनस्पतींच्या रंगावर उन्हाने चित्र उमटवण्यात, मात्र कामी येतं: स्पिरिटमध्ये कालवून कागदाला लावा, वर पान ठेवून उन्हात धरा, मग टाकणखाराचं पाणी फिरवा. पानाखाली टिकलेली हळद तांबूस होते.