परदेशातील ठेव, घरचा कारखाना आणि बँक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची एक छावणी उभारण्यात आली होती. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण केले. सरकारी शिध्यावर फार काळ अवलंबून न राहता या लोकांनी पापड-लोणच्यांपासून कापड, फर्निचर आणि जीन्सपर्यंत हाताला येईल तो धंदा केला. पुढे अंबरनाथला औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत झाली. बदलापूरजवळ उद्योगांच्या पाण्यासाठी महामंडळाने बारवी धरण बांधले आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातील ही तीन गावे लहान उद्योगांची गावे म्हणून ओळखली जाऊ लागली.

या तिन्ही गावांतील बँकांच्या शाखांत दोन प्रकारचे ग्राहक आढळतात. पहिला लहान कारखानदार. हातात कागदांची जाडजूड पिशवी घेऊन तो खेळत्या भांडवलासाठी शाखाधिकाऱ्याच्या टेबलासमोर बसलेला असतो. दुसरा ग्राहक सहसा शाखेत दिसत नाही. त्याची ठेव मात्र तेथे असते. तो दुबईला, मस्कतला किंवा अमेरिकेत नोकरी करतो आणि त्याचे वृद्ध वडील महिन्यातून एकदा पासबुक भरून घेण्यासाठी रांगेत उभे राहतात. एकाच शाखेच्या एका खिडकीवर पैसा येतो आणि दुसऱ्या खिडकीवर पैशाची वाट पाहिली जाते. या दोन खिडक्यांमधील अंतर कमी करणे हे बँकेचे खरे काम होय. आज ते फारसे होत नाही.

हुंडीची परंपरा

उल्हासनगरच्या लोकांना परदेशाशी व्यवहार नवा नाही. सिंधमधील शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या एके काळी थेट बुखाऱ्यापर्यंत वटत असत. सिंधमधील हैदराबादचे ‘सिंधवर्की’ व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इजिप्त, जिब्राल्टर, पनामा आणि जपानमधील कोबे येथे पेढ्या चालवीत होते. मुंबईत ‘मुलतानी’ म्हणून ओळखले जाणारे सराफ मूळचे शिकारपूरचेच. लहान व्यापाऱ्याची हुंडी ते वटवीत आणि गरज पडल्यास तीच हुंडी पुढे बँकेकडून वटवून घेत. १९७२ साली अहवाल देणाऱ्या बँकिंग आयोगानेही या देशी पेढ्यांच्या कामाची दखल घेतली होती.

या सराफांचे व्याज स्वस्त नव्हते आणि त्यांचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. परंतु एक गोष्ट त्यांना साधली होती. कर्ज मागणाऱ्याचा धंदा, त्याची बाजारातील पत आणि त्याचे कुटुंब ही त्यांच्या माहितीची असत. आजच्या बँकेकडे कायद्याचे संरक्षण आहे, कमी दराचा पैसा आहे, संगणक आहे. नाही ती माणसाची ओळख. शाखाधिकारी गावाला ओळखू लागतो न लागतो तोच त्याची बदली होते आणि त्याच्या मागे उरते ती केवळ तारणाच्या कागदांची यादी.

तारणाचा पेच

या यादीपाशीच उल्हासनगरचा उद्योजक अडतो. येथील बहुतेक जमीन निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी दिलेली. तिच्यावरील हक्क सनदेने सिद्ध होतो आणि अनेक मिळकतींच्या सनदा झालेल्याच नाहीत. त्यातच अनधिकृत बांधकामांचा प्रश्न इतका बिकट झाला, की ती नियमित करण्यासाठी राज्य शासनाला २००६ साली केवळ या शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या घरात राहावयाचे आणि ज्या गाळ्यात यंत्र चालवावयाचे तेच तारण म्हणून चालत नसेल, तर धंदा कितीही चोख असला तरी कर्जाचा अर्ज पुढे सरकत नाही. अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत भूखंड भाडेपट्ट्याने मिळतात. ते गहाण ठेवण्यासाठी महामंडळाची संमती लागते. भाड्याच्या गाळ्यात काम करणाऱ्याजवळ तर गहाण ठेवण्यासारखे काहीच नसते.

या पेचाचा अर्थ साध्या हिशेबाने समजेल. एखादा कारखानदार मोठ्या कंपनीला दरमहा १० लाख रुपयांचे सुटे भाग पुरवितो आणि कंपनी तीन महिन्यांनी पैसे देते असे धरा. म्हणजे त्याचे ३० लाख रुपये कायम दुसऱ्याकडे अडकलेले. पोलाद मात्र रोखीने घ्यावे लागते, कामगारांचा पगार महिन्याला द्यावा लागतो आणि विजेचे बिल थांबत नाही. अशा माणसाचा धंदा तोट्यात नसतो, तरीही तो बुडू शकतो. मग तो खासगी सावकाराकडे जातो आणि वर्षभराचा नफा व्याजात देऊन येतो.

यावरचे उपाय कागदावर आहेत. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगांची बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन खरेदीदारावर घातले. विनातारण कर्जाला हमी देणारी योजना केंद्र सरकार व लघुउद्योग विकास बँक यांनी २००० साली सुरू केली आणि एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. मोठ्या कंपनीवरील बिल लिलावाने वटवून देणारी ‘ट्रेड्स’ ही व्यवस्था २०१७ पासून चालू आहे; २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिच्यात नाव नोंदविणे २०२४ च्या अधिसूचनेने सक्तीचे केले. जुन्या हुंडीचेच हे नवे रूप होय. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या उपेंद्रकुमार सिन्हा समितीने २०१९ साली, तारणाऐवजी धंद्यात प्रत्यक्ष येणारी-जाणारी रक्कम पाहून कर्ज द्यावे, अशी शिफारस केली. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, चालू खात्यातील उलाढाल आणि विजेची बिले पाहिली तर गाळ्यातील यंत्र चालते की बंद आहे हे सनदेवाचूनही कळते. उणीव आहे ती हे सारे कारखानदाराला समजावून सांगणाऱ्या आणि त्याचा अर्ज शेवटापर्यंत नेणाऱ्या माणसाची.

परदेशातील ग्राहक

आता दुसऱ्या खिडकीकडे वळू. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ साली परदेशांतील भारतीयांनी मायदेशी ११८.७ अब्ज डॉलर पाठविले. त्यांतील सर्वाधिक, म्हणजे २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राचा, केरळचा १९.७ टक्के. देश अडचणीत आला तेव्हा या लोकांचे महत्त्व सर्वांना पटले. १९९०-९१ च्या संकटात अनिवासींच्या ठेवी मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्या आणि परकीय चलनाची गंगाजळी आटली. १९९८ साली ‘रिसर्जंट इंडिया’ रोख्यांतून, २००० साली ‘मिलेनियम’ ठेवींतून आणि २०१३ साली परकीय चलनातील ठेवींच्या विशेष सवलतीतून त्यांच्याकडेच अब्जावधी डॉलर मागण्यात आले. संकटात हक्काने हाक मारावयाची आणि एरवी चौकशीही करावयाची नाही, हे नाते फार काळ टिकणारे नव्हे.

या ग्राहकाला प्रथम हवी असते ती साधी माहिती. नोकरीसाठी परदेशी स्थायिक होणाऱ्याने आपले जुने बचत खाते ‘अनिवासी सामान्य’ खात्यात बदलून घ्यावयास हवे; कित्येकांना हे ठाऊकच नसते. घरभाडे, निवृत्तिवेतन, लाभांश असे भारतातील उत्पन्न या खात्यात जमा होते, त्यावरील व्याजावर उगमस्थानीच ३० टक्के व वर अधिभार असा कर कापला जातो आणि मुद्दल एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंतच बाहेर नेता येते. परदेशातील कमाई ‘अनिवासी बाह्य’ खात्यात ठेवली तर व्याज करमुक्त असते आणि रक्कम केव्हाही परत नेता येते. तिसऱ्या प्रकारात ठेव परकीय चलनातच एक ते पाच वर्षे राहते. रुपया घसरला तरी ठेवीदाराचे नुकसान होत नाही. शाळेतल्या मुलालाही समजावा असा हा भेद आहे. परंतु तो मराठीत, हिंदीत किंवा सिंधीत एका पानावर छापून ठेवलेली शाखा शोधावी लागेल.

दोन खिडक्यांची गाठ

येथे एका तरतुदीकडे लक्ष वेधावेसे वाटते. अनिवासी बाह्य किंवा परकीय चलनातील मुदत ठेवीच्या तारणावर भारतातील दुसऱ्या व्यक्तीलाही कर्ज देता येते. मस्कतला असलेल्या भावाची ठेव तशीच राहते, तिचे व्याज त्याला मिळत राहते आणि तिच्या आधारावर अंबरनाथच्या गाळ्यात बहीण आपले यंत्र घेऊ शकते. सनदेचा प्रश्न उद्भवत नाही, भूखंडाच्या संमतीसाठी थांबावे लागत नाही. अटी दोन. ठेव तारण ठेवण्याबद्दल अनिवासी व्यक्तीने परकीय चलनात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मोबदला घ्यावयाचा नाही; आणि कर्जाचा पैसा पुन्हा व्याजाने देणे, शेती-मळे किंवा जमीन-जुमल्याचा धंदा यांत घालावयाचा नाही. याखेरीज, रक्कम परत बाहेर न नेण्याच्या अटीवर अनिवासी भारतीय येथील भागीदारी पेढीत भांडवलही घालू शकतो.

अर्थात यात धोका आहे आणि तो लपविणे हा ठेवीदाराचा विश्वासघात ठरेल. कर्ज थकले तर ठेव जाते. घरच्यांच्या भिडेखातर सही करणाऱ्या मुलाला हे बँकेने त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलून, लेखी स्वरूपात सांगितले पाहिजे. शिवाय कर्जाची रक्कम धंद्याच्या खऱ्या गरजेइतकीच असावी. ठेव भक्कम आहे म्हणून कारखान्याकडे पाहावयाचेच नाही, ही वृत्ती कारखाना आणि कुटुंब दोन्ही बुडवील. तारण असो वा नसो, धंद्याची पारख टाळता येत नाही. वालधुनी नदी प्रदूषित करणाऱ्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर कारवाई झाली तेव्हा त्यांचे मालक आणि मजूर दोघेही उघड्यावर पडले. सांडपाण्याची व्यवस्था नसलेल्या कारखान्याला कर्ज देणारी बँक नदीचे तर नुकसान करतेच, पण आपल्या ठेवीदाराचेही करते.

सहकारी बँकांची मर्यादा

माणसाची ओळख ठेवण्याचे काम नागरी सहकारी बँका अधिक चांगले करू शकतात. त्यांचे संचालक गावचे, कर्मचारी गावचे. परंतु परकीय चलनाचे व्यवहार करण्याची किंवा अनिवासींची खाती ठेवण्याची परवानगी यांतील सर्वच बँकांना नाही. शिवाय ओळखीचे रूपांतर वशिल्यात होण्यास वेळ लागत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीस केवळ १ हजार रुपये काढण्याची मुभा होती. त्यानंतर २०२० साली ठेव विम्याचे संरक्षण १ लाखावरून ५ लाखांवर नेण्यात आले. हे संरक्षण दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे ५ लाखांचेच आहे, ही गोष्ट मुलाच्या ठेवीवर विसंबलेल्या प्रत्येक आईवडिलांना माहीत असावयास हवी.

उपाय अवघड नाहीत

बँकेने काय करावे? या तीन गावांतील प्रत्येक मोठ्या शाखेत असा एक अधिकारी असावा, की जो निदान पाच वर्षे बदलला जाणार नाही आणि ज्याच्याकडे लघुउद्योजक व अनिवासी ग्राहक दोन्ही सोपविलेले असतील. कारखान्याला त्याने वर्षातून दोनदा भेट द्यावी. परदेशातील ग्राहकाला तेथील सुटीच्या वेळी बोलता यावे अशी सोय असावी. भारतातील कामाच्या वेळा अमेरिकेत मध्यरात्रीच्या असतात, हे बँकेने ध्यानात घ्यावे. कर्ज नाकारावयाचे तर पंधरा दिवसांत कारणासह नाकारावे. न दिलेल्या कर्जापेक्षा तीन महिने लोंबकळत ठेवलेला अर्ज उद्योजकाचे अधिक नुकसान करतो.

आणि मागे राहिलेल्या वृद्धांकडे लक्ष द्यावे. मुलाच्या खात्यासाठी मुखत्यारपत्र मिळालेले वडील त्यातून येथील देणी भागवू शकतात, पण मुलाच्या वतीने कोणाला देणगी देऊ शकत नाहीत. वारसाची नोंद झालेली नसेल तर एखाद्या मृत्यूनंतर मुलाला विमानाने येऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. एका सहीचे काम वेळेवर करून घेणे ही सेवा कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठी आहे.

बँक ही धर्मादाय संस्था नव्हे, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु खात्रीचा ठेवीदार आणि होतकरू कर्जदार एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच घरात राहत असताना त्यांची गाठ घालून न देणे हा तरी कुठला व्यवहार? बराकीत संसार मांडणाऱ्या पहिल्या पिढीला कोणत्याही बँकेने तारणाशिवाय उभे केले नव्हते. ती परस्परांच्या शब्दावर उभी राहिली. तिच्या नातवंडांपैकी काही आज परदेशात कमावतात, काही येथे यंत्रे चालवितात. त्यांच्यातील शब्दाला कायद्याचे बळ देणे एवढेच बँकेकडून अपेक्षित आहे, आणि त्यासाठी लागणारे नियम आधीच तिच्या हाती आहेत.