संगणकाचे चार हात

होळीचा सण आहे असे समजा. घरात एकटी आजी पुरणपोळीचा स्वयंपाक करीत आहे. आधी डाळ शिजते, मग कट काढला जातो, पुरण वाटले जाते आणि कटाची आमटी होते. क्रम आजीच्या हातात बसलेला. कागदावर कुठे लिहिलेला नाही. आता मदतीला तीन लेकीसुना आल्या. काम लवकर उरकेल ना? उरकेल, पण एकीने कटाची वाट न पाहता आमटी फोडणीला टाकली, तर? संगणकावरही अगदी असेच घडते.

मोठा प्रोग्राम एका फाईलीत मावत नाही. त्याच्या शेकडो फाईली असतात. कंपाइलर प्रत्येक फाईल यंत्राच्या भाषेत उतरवतो आणि शेवटी सर्वांची जोडणी होते. कोणती फाईल कशावर अवलंबून आहे, याची यादी पाहून काम करवून घेणारा मुकादम म्हणजे ‘मेक’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ साली रचला. निमित्त साधेच होते. एका सहकाऱ्याने चूक दुरुस्त केली, पण ती फाईल पुन्हा कंपाइल करायची राहिली. नसलेली चूक शोधण्यात त्याची सकाळ वाया गेली.

मेक एरवी एका वेळी एकच काम काढतो. आजच्या प्रोसेसरात मात्र चार-आठ कोअर, म्हणजे चार-आठ हात असतात. लिनक्सवर ‘एनप्रॉक’ ही आज्ञा दिली की आकडा कळतो. तो चार आला, तर ‘मेक -जे४’ म्हणावे. जे पुढचा आकडा विसरू नका बरं का! मग ग्नू मेक मर्यादाच पाळत नाही. मोकळी असतील तेवढी कामे एकदम सुरू करतो. प्रत्येक कामाला वेगळी मेमरी लागते. ती पुरली नाही की संगणक गुदमरतो. शाळेतल्या जुन्या यंत्रावर दोन हातच बरे.

चार हातांनी वेळ चौथाई होईल का? हिशेब करून पाहा. साठ मिनिटांच्या कामात ४८ मिनिटे वाटून घेता येतात आणि १२ मिनिटांची जोडणी एकट्यानेच करावी लागते. मग चार हातांनी १२ अधिक १२, म्हणजे २४ मिनिटे लागतील. हात शंभर केले तरी बारांच्या खाली जाता येणार नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हीच मर्यादा दाखवून दिली.

पण खरी मेख यादीत आहे. एखादी नोंद राहिली, तरी एका हाताने काम सुरळीत होते, कारण क्रम योगायोगाने बरोबर पडतो. हात वाढले की काम कधी अडते, कधी अडत नाही. सर्वांत वाईट म्हणजे, जुनी फाईल पडलेली असेल, तर तीच मुकाट्याने वापरली जाते आणि चुकीचा प्रोग्राम तयार होतो.

अशा वेळी ‘जे’ काढून टाकण्याचा मोह होतो. शिक्षकहो, तो टाळा. तयार फाईली पुसून, सर्व हातांनी, पुन्हा पहिल्यापासून काम करून पाहा. २०२२ च्या ग्नू मेक ४.४ पासून ‘शफल’ हा पर्यायही आहे. तो मुद्दाम क्रम पिसतो आणि राहिलेली नोंद उघडी पाडतो. हात कमी केले तर चूक फक्त झाकली जाते. यादी पुरी केली तरच ती जाते.