हाताच्या अस्थींतील साधी अर्बुदे : संज्ञा आणि शस्त्रक्रिया

‘साधे अर्बुद’ ह्या संज्ञेचा वैद्यकातील अर्थ मर्यादित आहे. शरीरात अन्यत्र पसरून प्राणघातक न ठरणारे, एवढेच तीतून अभिप्रेत असते. निरुपद्रवी असा अर्थ तीतून काढता येत नाही. हाताच्या अस्थींच्या बाबतीत हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ह्या अस्थींत उद्भवणाऱ्या अर्बुदांपैकी एन्काँड्रोमा सर्वांत अधिक आढळतो. ग्रीक भाषेत ‘एन्’ म्हणजे आत व ‘काँड्रोस’ म्हणजे कूर्चा. ‘ओमा’ हा प्रत्यय वैद्यकात अर्बुदवाचक ठरला आहे. अस्थीच्या पोकळीत वाढणारी कूर्चेची गाठ, असे त्याचे वर्णन नावातच आले आहे. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे सहा प्रकार सांगितले आहेत. तथापि अस्थिज असा स्वतंत्र प्रकार त्यांत नाही. हाडाच्या आत दडलेली ही विकृती १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतरच जिवंत माणसात स्पष्ट दिसू लागली.

हे अर्बुद बहुधा बोटाच्या मुळाकडील पेरात होते. ते पुष्कळदा दुखत नाही. परंतु हाडाची भिंत आतून पातळ होत जाते व किरकोळ आघातानेही बोट मोडते. अशा वेळी प्रथम हाड सांधू देऊन नंतर शस्त्रक्रिया करण्याचा प्रघात आहे. हाडाला लहानशी खिडकी पाडून आतील कूर्चा काळजीपूर्वक खरवडून काढतात. उरलेली पोकळी कमरेच्या किंवा मनगटाजवळच्या हाडाच्या कलमाने अथवा कृत्रिम द्रव्याने भरतात. काही शल्यचिकित्सक ती रिकामीच ठेवतात व तीही कालांतराने भरून येते. बोट आखडू नये म्हणून पुढे व्यायाम आवश्यक असतो. अर्बुद लहान, वेदनारहित व निदान निःसंशय असेल, तर केवळ देखरेखही पुरते.

काढलेला ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मात्र मांडीच्या हाडात संशयास्पद ठरावे असे पेशींचे दृश्य बोटाच्या हाडात साधेही असू शकते. म्हणून ते क्ष-किरणचित्राच्या संदर्भातच वाचावे लागते. संदर्भावाचून अर्थनिश्चिती नाही, हे तत्त्व येथेही लागू पडते.

ओलिए व माफुची ह्यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या विकारांत अशी अर्बुदे अनेक असतात व ती मारक होण्याचा संभव वाढतो. महाकोशिका अर्बुद ‘साधे’ असूनही खरवडल्यानंतर वारंवार उलटते. तेव्हा रुग्णाला ‘गाठ साधी आहे’ असे सांगताना हाड मोडण्याचा, अर्बुद उलटण्याचा व क्वचित पालटण्याचा संभव किती, हेही सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेस संमती द्यावी की थांबावे, ह्याचा निर्णय त्याला ह्याच माहितीवरून करावयाचा असतो.