रानात न्यावयाची दुर्बीण



खारेपाटणासारख्या गावी दुर्बिणीवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. पण हा विषय या गावाइतका दुसऱ्या कोणत्या गावाला शोभेल, हेच आम्हांस कळत नाही. आपले गाव खाडीच्या टोकाशी वसलेले आहे. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट येथेच सापडला. या काठावर माणसाची वस्ती किती जुनी आहे, याची ती साक्ष होय. खाली विजयदुर्गापर्यंत गेलेली खाडी आणि वर भुईबावडा घाटातून गगनबावड्यास चढणारा सह्याद्री. सकाळी चिखलावर उतरलेल्या तुताऱ्या पाहाव्यात आणि त्याच दिवशी संध्याकाळी घाटात धनेशाची जोडी पाहावी, असे भाग्य फार थोड्या गावांना लाभते. मात्र या दोन्ही गोष्टी नुसत्या डोळ्यांनी पुरत्या दिसत नाहीत.

पूर्वी रानात जाणारा माणूस खांद्यावर बंदूक घेऊन जाई. ती शिकार कधी पोटासाठी असे, कधी पिकाच्या राखणीसाठी, तर कधी निव्वळ हौसेसाठी. फोंडा घाट चढून गेले की लागणारे दाजीपूरचे रान हे एके काळी कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारीचे रान होते. तेच रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवाने देण्याची पद्धतच बंद झाली. कायद्याने बंदूक खाली ठेवावयास लावली खरी; परंतु रानात जाण्याची, जनावराचा माग काढण्याची आणि श्वास रोखून त्याची वाट पाहण्याची जी ओढ माणसाच्या अंगी असते, ती कायद्याने जात नाही. तिला दुसरी वाट द्यावी लागते. ही वाट दुर्बिणीची आहे, असे आमचे म्हणणे आहे.

डॉ. सालिम अली यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती ओळखून घेण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. त्या एका भेटीतून त्यांच्या आयुष्याला वळण लागले. पुढे आपल्याच कोकणपट्टीत, अलिबागजवळच्या किहीम येथे, त्यांनी सुगरण पक्ष्याच्या संसाराचे निरीक्षण केले. ते काम बंदुकीचे नव्हते. ते तासन् तास स्वस्थ बसून पाहण्याचे होते.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ तरुणपणी नामांकित शिकारी होते. आम्ही नवी दुर्बीण घेऊन मिरवीत होतो, तेव्हा ते म्हणाले, "झिला, आधी डोळ्यांनी बघूक शिक, मगे दुर्बीण डोळ्यांक लाव." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आमची ती पहिली दुर्बीण मुंबईच्या एका पदपथावर घेतलेली होती. तिच्यावर मोठ्या दिमाखाने ३०×६० असे छापले होते आणि भिंगे माणकासारखी लाल चमकत होती. ती घेऊन राईत शिरलो, तर झाड दिसे, पण पक्षी सापडत नसे. पक्षी सापडला, तर हात कापून तो नाचू लागे. आषाढात तिच्या आत धुके साठले, आणि दिवाळीपर्यंत भिंगावर बुरशीचे कोळीजाळे पसरले. पैसे गेले, आणि एक वर्षाचे पाहणेही गेले. तसे आपले होऊ नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.

प्रथम दुर्बिणीवरचे आकडे समजून घेऊ. ८×४२ असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ आल्यासारखी दिसेल ते. ८० पावलांवरचा गवा १० पावलांवर असल्यासारखा दिसेल. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हे भिंग म्हणजे प्रकाश गोळा करणारी पागोळीखालची घागर समजा. घागरीचे तोंड जितके रुंद, तितके पाणी अधिक.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच. डोळ्याजवळच्या भिंगातून प्रकाशाची जी वर्तुळाकार शलाका बाहेर पडते, तिचा हा व्यास. १०×४२ मध्ये तो ४.२ मिलिमीटर येतो, खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये फक्त अडीच, आणि खलाशांच्या ७×५० मध्ये सात. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा या सर्व दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. म्हणून दुकानाच्या दारात दुपारी बारा वाजता सगळ्याच चांगल्या दिसतात. पण दिवेलागणीस, किंवा देवराईच्या गर्द सावलीत, बाहुली मोठी होते. तरुणपणी ती अंधारात सात मिलिमीटरपर्यंतही उघडते. वयाबरोबर हे उघडणे कमी होत जाते. अशा वेळी अडीच मिलिमीटरची शलाका अपुरी पडते. क्षेत्रफळाचा हिशेब केला, तर सव्वापाचाची शलाका अडीचाच्या चौपटीहून मोठी भरते. रानातील जनावर बाहेर पडते ते पहाटे आणि सांजवेळी. ज्या घटकेसाठी आपण दोन कोस चाललो, त्याच घटकेला आंधळी होणारी दुर्बीण काय कामाची?

मग सात मिलिमीटर देणारी ७×५० च का घेऊ नये? हिचे वजन किलोभर भरते. डोलणाऱ्या नावेत ती उत्तम. रात्रीच्या पहाऱ्यासाठीच ती योजिलेली आहे. परंतु घाट चढताना दुसऱ्या तासाला ती मानेला दगडासारखी लागते. ८×४२ चे वजन साधारणपणे सहाशे ते साडेसातशे ग्रॅम असते. तेवढे सोसते.

आणि दहा पटीची का नको? हा प्रश्न फार विचारला जातो. परदेशात, जेथे शिकार अजून कायदेशीर आहे, तेथील डोंगराळ माळावर शिकारी १०×४२ पसंत करतात, आणि ते त्यांच्या दृष्टीने योग्यच आहे. तेथे जनावर समोरच्या उतारावर मैलभर लांब असते आणि मध्ये झाड नसते. आपल्या कोकणात रान दाट आहे. येथे पाहावयाची वस्तू बहुधा वीस ते शंभर पावलांच्या आत असते, आणि ती फांदीआड लपून क्षणभरच दिसते. अशा ठिकाणी दोन गोष्टी हव्यात. एक, हात न कापणे. दुर्बीण जितक्या पट मोठे दाखविते, तितक्याच पट हाताचा कंपही मोठा करते. घाट चढून धाप लागली असता दहा पट बऱ्याच जणांना आवरत नाही. दुसरी, दृष्टीचा विस्तार. आठ पटीच्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर साधारणपणे अकरा ते तेरा मीटर रुंदीचे चित्र दिसते. दहा पटीत ते त्याहून अरुंद होते. उडता पक्षी पकडावयाचा तर हा विस्तारच उपयोगी पडतो. ज्याला मुख्यतः खाडीच्या उघड्या चिखलावरील लांबचे पक्षी पाहावयाचे आहेत, त्याने दहा पट खुशाल घ्यावी. परंतु एकच दुर्बीण घेणाऱ्यास आम्ही ८×४२ सांगू, आणि हलकीच हवी असेल त्यास ८×३२.

आता पोटातील रचनेकडे वळू. नुसत्या दोन बहिर्गोल भिंगांतून चित्र उलटे दिसते. ते सुलटे करण्यासाठी दुर्बिणीत काचेचे लोलक बसवितात. ही युक्ती पोरो या इटालियन गृहस्थाने १८५४ साली काढली, आणि जर्मनीत झाइस कंपनीने १८९४ साली तिच्यावर आधारलेली दुर्बीण बाजारात आणली. रुंद खांद्यांची जुनी दुर्बीण ती हीच. दुसऱ्या प्रकारात लोलक छपरासारख्या आकाराचे असतात, त्यामुळे नळ्या सरळ आणि आटोपशीर होतात. मात्र छपरी लोलक फार काटेकोर घडवावे लागतात, आणि त्यांवर विशेष लेप नसल्यास चित्राची धार बोथट होते. यावरून एक सोपा नियम निघतो : खिशात पैसे बेताचे असतील, तर तेवढ्याच किमतीत रुंद खांद्याची दुर्बीण बहुधा अधिक स्वच्छ दाखविते, थोडे अधिक खर्चण्याची तयारी असेल, तर सरळ नळ्यांची, लेप दिलेल्या लोलकांची आणि पाणी न शिरणारी घ्यावी.

लेपाचे महत्त्व हिशेबाने पटते. उघड्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तर शंभरातील सुमारे सहासष्टच भाग डोळ्यापर्यंत पोहोचतो. १९३५ साली झाइसमधील स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करण्याची रीत काढली. आज अनेक थरांच्या चांगल्या लेपाने प्रत्येक पृष्ठभागावरील नुकसान अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली येते. मग त्याच दहा पृष्ठभागांतून पंचाण्णव भाग पार होतो. म्हणून 'सर्व पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप' असे पत्रकात स्पष्ट लिहिले आहे की नाही, ते पाहावे.

कोकणात मात्र याहूनही मोठा शत्रू आहे, तो ओलावा. येथे पावसाळ्यात कपाटातील चपलांनाही बुरशी येते. भिंगाला ती सोडील कशी? एकदा आत बुरशी धरली की ती काचेवरील लेप खाते, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या दुर्बिणीच्या घरात जातो. यासाठी नळ्या पूर्ण बंद करून आत कोरडा नायट्रोजन वायू भरलेली दुर्बीण मिळते. देशावरच्या माणसास ही चैन वाटेल. आपणांस ती गरज आहे. लाल भिंगांच्या मोहात पडण्याऐवजी हा गुण मागून घ्यावा.

किमतीविषयी बोलावयाचे तर, साधारणपणे दहा हजारांपासून तीस हजार रुपयांपर्यंत हे सर्व गुण असलेली दुर्बीण मिळू शकते. लाखांच्या दुर्बिणी आहेत, आणि त्या खरोखरच उत्तम आहेत. पण तीस हजारांच्या पुढे प्रत्येक जादा रुपयाला मिळणारा लाभ कमी कमी होत जातो. उलट अगदी स्वस्तात घेतलेली दुर्बीण बहुधा दोनदा घ्यावी लागते.

दुकानात गेल्यावर कागदावरील गुणांवर विसंबू नये. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करावी. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाची दोन वर्तुळे दिसतील. ती पुरी गोल असावीत. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या, तर लोलकाची काच हलकी आहे असे समजावे. मग विजेच्या खांबाकडे पाहावे. तो मध्यभागी सरळ आणि कडेलाही फारसा न वाकता दिसावा. उजळ आकाशापुढील काळ्या फांदीला जांभळी किंवा हिरवी किनार जितकी कमी, तितकी काच चांगली. सलग पाच मिनिटे पाहावे. डोळे ओढल्यासारखे झाले किंवा डोके दुखू लागले, तर दोन नळ्या एकरेषेत नाहीत. ती दुर्बीण परत ठेवावी. चष्मा वापरणाऱ्याने चष्म्यासकट पाहावे, आणि डोळा भिंगापासून पंधरा मिलिमीटर किंवा अधिक दूर असतानाही पूर्ण चित्र दिसते ना, हे तपासावे. शेवटी दुकानदारास विनंती करून संध्याकाळी सावलीत एकदा पाहावे. सूर्याकडे मात्र कधीही, क्षणभरही, दुर्बीण लावू नये. डोळा कायमचा जातो.

घरी आणल्यावर ती आपल्या डोळ्यांना बसवून घ्यावी. नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचे एक करावे. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे. मग डावा झाकून, उजव्या नळीवरील कड्याने उजव्याचे. ही खूण लक्षात ठेवावी. पुढे फक्त मधले चाक फिरवावे लागते. कित्येक जण वर्षानुवर्षे हे न करता दुर्बिणीला दोष देतात. भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. आधी धूळ फुंकणीने उडवावी, मग मऊ फडके. पावसाळ्यात कातडी पिशवी टाळावी, कारण कातडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या घालून ठेवावी, आणि पुड्या अधूनमधून बदलाव्यात.

दुर्बीण बंदुकीची जागा घेते, असे आम्ही म्हटले. पण तिलाही संयम लागतो. दूरचे दिसू लागले की आणखी जवळ जाण्याचा मोह होतो. घरट्याजवळ जाऊन पिल्लांना भिववू नये. दूर राहून पाहता यावे, हाच दुर्बिणीचा खरा गुण. शिकाऱ्याला एकच क्षण मिळे, आणि त्यानंतर पाहावयास काही उरत नसे. पाहणाऱ्याला तोच धनेश पुढच्या वर्षी, त्याच सुरमाडावर, पुन्हा भेटतो.

ते वृद्ध गृहस्थ आता नाहीत. आमची दुसरी दुर्बीण, जी नीट पाहून घेतली होती, ती एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या हाती दिली. खाडीपलीकडच्या झाडावर समुद्रगरुड बसला होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतक्या वर्सांत ह्येचो डोळो कधी बघूक नाय." साठ वर्षे रानात हिंडलेल्या माणसाचे ते शब्द ऐकल्यापासून, दुर्बीण कशाला घ्यावी असे कोणी विचारले की आम्ही तीच हकीकत सांगतो.