गळ्यातून वाजणारा ठेका

१९४० आणि ५०च्या दशकांत न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागोच्या वस्त्यांतली कृष्णवर्णीय पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर जमून गात. वाद्यांना पैसे नसत. म्हणून खर्जाचा गायक बासचं काम गळ्यानं करी, बाकीचे अर्थहीन अक्षरांवर ठेका धरत आणि मुख्य आवाज त्यावर मोकळा खेळे. हेच डू-वॉप. ‘द कॉर्ड्स’चं ‘श-बूम’ १९५४ मध्ये गाजलं. बीटल्सच्या ‘धिस बॉय’मध्ये (१९६३) आणि बिली जोएलच्या ‘द लाँगेस्ट टाइम’मध्ये (१९८३) ही रीत स्पष्ट ऐकू येते.

आपल्या सी. रामचंद्रांचं ‘आशा’ चित्रपटातलं (१९५७) ‘ईना मीना डीका’ रॉक अँड रोलच्या लाटेतलं. निरर्थक अक्षरांची मौज मात्र तीच.

कोकणातल्या कुडाळात डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, बसलेल्यांना मुख्य आवाज आणि त्याला उचलून धरणारा कोरस नवा नाही. फरक मोठा आहे: इथे पखवाज, झांज हाताशी असतात आणि कोरस वेगवेगळे सूर न लावता एकाच सुरात बुवांची ओळ घेतो. पण सिनेमातल्या चाली बुवा भजनात हौसेनं आणतात, आणि परदेशी लयीला देवळाच्या मांडवात शिरायची वाट तिथूनच मिळते.