प्रतिध्वनी आपला की परका?

प्यूर्टो रिकोची राजधानी सान हुआन. तिथल्या विमानतळासाठी उभारलेल्या हवामान रडारच्या पडद्यावर २००९ च्या सुरुवातीला विचित्र पट्टे उमटू लागले. केंद्रापासून निघून थेट कडेपर्यंत गेलेले, चाकाच्या आऱ्यांसारखे. पाऊस असा कधी पडत नाही. ढग सरकतात, फुगतात, विरतात. हे आरे मात्र ठरावीक दिशांना रोखलेले होते.

या रडारमागे एक अपघात आहे. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसला उतरणारे डेल्टा एअरलाइन्सचे १९१ क्रमांकाचे विमान ढगातून खाली कोसळणाऱ्या हवेच्या झोतात सापडले आणि १३७ जणांचा बळी गेला. ‘मायक्रोबर्स्ट’ म्हणून ओळखले जाणारे असे झोत काही मिनिटेच टिकतात. ते वेळीच दिसावेत म्हणून अमेरिकेने विमानतळांजवळ खास डॉप्लर रडार बसवले. त्यांची शलाका जेमतेम अर्ध्या अंशाची, लहरी ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या. म्हणजे पडद्यावरची एक दिशा जरी झाकली गेली, तरी वैमानिकाला मिळणाऱ्या इशाऱ्याचा प्रश्न येतो.

पडद्यावरचे ते आरे आले कुठून? २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा मोठा पट्टा वाय-फायसारख्या उपकरणांना खुला केला. रडार तिथे आधीपासून होते, म्हणून अट घातली गेली: उपकरणाने आधी ऐकायचे, मग बोलायचे. वाहिनी वापरण्यापूर्वी ६० सेकंद कान द्यायचा. रडारचा स्पंद ऐकू आला, तर दहा सेकंदांत ती वाहिनी सोडायची आणि अर्धा तास तिकडे फिरकायचे नाही. हवामान रडारच्या पट्ट्यात युरोपने ऐकण्याची मुदत दहा मिनिटे ठेवली, आणि ते योग्यच होते. हे रडार फिरत, मान वर-खाली करत आकाश पाहते; त्याचा रोख आपल्याकडे वळायलाच काही मिनिटे जातात.

नियम नेमका होता, तरी सान हुआनमध्ये तो अपुरा पडला. कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या सरकारी प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी तिथे जाऊन मोजमापे घेतली. उंच इमारतींवर आणि मनोऱ्यांवर इंटरनेट पुरवठादारांनी बसवलेली उपकरणे या गोंधळाचे मूळ निघाली. काही उपकरणांना या विशिष्ट रडारचे स्पंद ओळखताच येत नव्हते. पुढच्या तपासांत तर रडार ओळखण्याची सोयच बंद केलेली उपकरणेही सापडली. या दुसऱ्या प्रकाराला तांत्रिक चूक म्हणून सोडून देणे बरोबर नाही. थोड्या अधिक वेगासाठी दुसऱ्याच्या सुरक्षेवर घातलेला तो घाला आहे.

अभियंते पोहोचण्यापूर्वी खुद्द रडारला हा घुसखोर ओळखता येतो का? येतो, आणि इथेच या विषयाची खरी गंमत आहे. पावसाचा प्रतिध्वनी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो, म्हणून रडारचा संगणक दूरच्या प्रतिध्वनीला तितकेच वाढवून दाखवतो. वाय-फायचा संकेत मात्र प्रतिध्वनी नसतोच. तो सरळ येतो आणि स्पंद सोडल्यानंतरच्या प्रत्येक क्षणी साधारण तेवढ्याच ताकदीने ऐकू येतो. संगणक त्यालाही पाऊस समजून वाढवत नेतो. परिणामी अंतर दुप्पट झाले की आरा ६ डेसिबलने प्रखर होतो: रडारजवळ फिकट, कडेला भडक. कोणतेही वादळ इतक्या शिस्तीत वाढत नाही.

दुसरी खूण स्पंदांच्या सुसंगतीची. रडार एकामागून एक स्पंद सोडते; थेंबांवरून परतणाऱ्या लहरींची कला पुढच्या स्पंदापर्यंत बरीचशी टिकून राहते. परक्या संकेताला या तालाशी देणेघेणे नसते. नव्या रडारमध्ये आडव्या आणि उभ्या ध्रुवणाचे प्रतिध्वनीही ताडून पाहतात. पावसात ते एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात, उपऱ्या संकेतात ते बिनसतात.

अंतराळातून ही ओळख आणखी देखण्या युक्तीने पटते. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह ५.४०५ गिगाहर्ट्झवर पृथ्वीची रडारचित्रे घेतो. तो सुमारे ७०० किलोमीटर उंचीवर असल्याने पहिला प्रतिध्वनी परतण्याआधीच अनेक स्पंद सुटलेले असतात. सुरुवातीच्या त्या अवधीत अँटेनाला आपला आवाज ऐकू येणेच शक्य नसते. तेव्हा जे ऐकू येते, ते एक तर उपकरणातला नैसर्गिक गोंगाट, नाहीतर जमिनीवरचा कुणी परका प्रक्षेपक. मार्च २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्था असे व्यत्यय शोधून, शक्य तेवढे काढून चित्रे देते. त्याच वर्षी बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटाने उलटी वाट धरली. अशा व्यत्ययामुळे उपग्रहचित्रांवर उमटणारे पट्टे वापरून पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेची रडार कुठे सुरू आहेत, हे दाखवणारे साधन त्यांनी सर्वांसाठी खुले केले. एकाचा कचरा दुसऱ्याचा पुरावा ठरला.

व्यत्ययाची नुसती शक्यताही महागात पडते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत नव्या पट्ट्यात ५जी सुरू होताना एअर इंडियाने मुंबई-नेवार्कसह काही उड्डाणे रद्द केली. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो. ५जीला दिलेला पट्टा त्याखाली, ३.९८ गिगाहर्ट्झपर्यंत होता. पट्टे वेगळे होते, पण जुन्या अल्टिमीटरांचे फिल्टर ढिले असल्याने ते शेजारचेही ऐकतील, ही भीती होती.

भारतानेही ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे परवानामुक्त केले. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत वेरावलीला हवामान विभागाचे सी-बँड डॉप्लर रडार सुरू झाले. सी-बँडची हवामान रडार सर्वसाधारणपणे याच शेजारात काम करतात. उंच इमारतींच्या या शहरात गच्चीवरच्या प्रत्येक अँटेनाने नियम पाळणे म्हणूनच फार गरजेचे आहे. संगणक आरा ओळखून पुसू शकतो, पण बऱ्याचदा त्याखालचा खरा पाऊसही त्याबरोबर जातो. मुंबईत त्यावर एक आधार आहे. कुलाब्याचे जुने रडार एस-बँडचे, दहा सेंटीमीटर लहरींचे; ५ गिगाहर्ट्झचा गोंगाट त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वेरावलीच्या पडद्यावर एखादी दिशा कोरी झाली, तर तिकडचा ढग कुलाब्याच्या पडद्यावर पाहता येतो. सी-बँडचे एकच रडार असलेल्या शहरांना ही सोय नाही.