एका पावाचे किती तुकडे?

इटलीतल्या एखाद्या खाऊच्या दुकानात जाऊन तुम्ही 'पानीनी' म्हणालात, तर तुमच्या पुढ्यात छोटे छोटे पाव येतील. मध्ये चीज, टोमॅटो वगैरे भरलेले. इकडे आपले पाणिनी म्हणजे संस्कृतचं व्याकरण रचणारे थोर आचार्य. एका मुळापासून शब्द कसा वाढत जातो, हे त्यांनी सुमारे 4000 सूत्रांमध्ये बांधून ठेवलं. पावाचा आणि आचार्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, नावं सारखी असणं हा निव्वळ योगायोग. पण मला तो फार आवडतो, कारण पाणिनींनी संस्कृत शब्दांचं जे केलं, ते या पानीनीचंही करता येतं. मुळापर्यंत जाता येतं. चला, जाऊ या.

इटालियन भाषेत पावाला म्हणतात 'पाने'. (झाडाची नव्हेत!) त्यातला शेवटचा 'ए' बाजूला ठेवला की उरतं 'पान्'. हे झालं मूळ. आता त्याला शेपट्या लावत जायच्या. 'ईनो' ही शेपटी लावली की वस्तू लहान होते: पानीनो, म्हणजे छोटा पाव. एकाहून जास्त असले की पानीनी. 'एत्तो' लावूनही वस्तू लहानच होते: पानेत्तो. त्याच्यापुढे आणखी 'ओने' लावलं, तर लहान झालेली वस्तू पुन्हा मोठी होते: पानेत्तोने! हा मिलान शहराचा नाताळातला प्रसिद्ध गोड पाव, मनुका घातलेला, उंच आणि गोल घुमटाचा. पाव बनवणारा तो पानेत्तिएरे आणि त्याचं दुकान ते पानेत्तेरीया. शेवटी 'एरीया' दिसलं की बहुधा दुकान समजायचं. पिझ्झा मिळतो ती पित्सेरीया, जेलातो नावाचं आइस्क्रीम मिळतं ती जेलातेरीया.

आता खरी गंमत. इटलीतली लहान मुलं शाळेत टाळ्या वाजवत शब्द तोडायला शिकतात. एका झटक्यात जेवढा आवाज तोंडातून बाहेर पडतो, तेवढ्याला एक टाळी. पानीनोला तीन टाळ्या: पा-नी-नो. तुम्हीही वाजवून बघा. 'पा' वर एक, 'नी' वर दुसरी, 'नो' वर तिसरी. पण थांबा! आपलं मूळ तर 'पान्' होतं ना? मग त्यातला 'न्' कुठे गेला? तो 'ई'ला जाऊन मिळाला आणि 'नी' झाला.

म्हणजे शब्द कापायच्या दोन सुऱ्या आहेत. अर्थाची सुरी कापते पान्-ईनो. आवाजाची सुरी कापते पा-नी-नो. शब्द एकच, पण दोघी वेगवेगळ्या ठिकाणी चालतात. आपल्या 'खेळाडू'चंही तसंच आहे. अर्थाने तो खेळ-आडू, पण म्हणताना आपण खे-ळा-डू म्हणतो.

आवाजाची सुरी कुठे चालवायची, हे ओळखायला इटालियन शाळेत एक सुंदर युक्ती शिकवतात. दोन व्यंजनं शेजारी आली की स्वतःला विचारायचं: या जोडीने एखादा इटालियन शब्द सुरू होतो का? होत असेल, तर जोडी फोडायची नाही. 'माद्रे' म्हणजे आई. 'द्र'ने 'द्रागो' हा शब्द सुरू होतो, म्हणजे ड्रॅगन. म्हणून मा-द्रे. 'पास्ता'मध्ये 'स्त' आहे आणि 'स्तेल्ला' म्हणजे चांदणी. म्हणून पा-स्ता. पण 'काम्पो' म्हणजे शेत घ्या. 'म्प'ने शब्द सुरू होत नाही, म्हणून काम्-पो. देवनागरीत आपण असा भेद करत नाही. जोडाक्षर कुठलंही असो, आपण ते सरळ पुढच्या स्वराच्या पदरात टाकतो.

एकच व्यंजन दोनदा आलं, तर जोडी हमखास फुटते. म्हणून पा-नेत्-तो. एक 'त्' अलीकडे, एक पलीकडे, आणि मध्ये आवाज क्षणभर अडतो. हे अडणं इटालियनमध्ये फार महत्त्वाचं. 'कापेल्लो' म्हणजे केस आणि 'काप्पेल्लो' म्हणजे टोपी! का-पेल्-लो, काप्-पेल्-लो. दुकानात जाऊन 'प'वर पुरेसा जोर दिला नाहीत, तर टोपीऐवजी केस मागून बसाल.

सुरी चुकीच्या जागी चालली तर काय होतं? तर एक गोष्ट जन्माला येते. मिलानमध्ये सांगतात की, फार पूर्वी तिथल्या सरदाराच्या मेजवानीत आचाऱ्याचा गोड पदार्थ करपला. तेव्हा तोनी नावाच्या पोऱ्याने उरलंसुरलं लोणी, अंडी आणि मनुका घालून एक पाव भाजला. पाहुणे खूश झाले आणि त्याचं नाव पडलं 'पान देल तोनी', म्हणजे तोनीचा पाव. त्यावरून पानेत्तोने! कथा गोड आहे, पण शब्द मात्र असा घडलेला नाही. 'पानेत्तोने' अर्थाच्या सुरीने कापला की पान्-एत्त्-ओने असे तुकडे पडतात. पाव, छोटा, मोठा. त्यात तोनी कुठेच सापडत नाही.

आता चुलीपाशी जाऊ या. 'फ्वोको' म्हणजे आग. त्याच मुळातून 'फोकाच्चा' हे नाव आलं. हा चुलीत भाजलेला चपटा पाव. पण एकीकडे 'फ्वो' आणि दुसरीकडे 'फो' असं का? त्याचं उत्तर टाळ्यांत आहे. फ्वो-को म्हणताना पहिल्या टाळीवर जोर असतो आणि ती टाळी स्वरावर संपते. त्यामुळे आवाजाला पसरायला जागा मिळते. लॅटिनमधला मूळ 'ओ' इटालियनमध्ये येताना असा पसरून 'वो' झाला. फो-काच्-चा म्हणताना जोर दुसऱ्या टाळीवर सरकतो आणि पहिला स्वर बिचारा आहे तसाच राहतो. 'ए'चंही असंच होतं. 'व्येने' म्हणजे तो येतो आणि 'वेंगो' म्हणजे मी येतो. दोन्हींत जोर पहिल्या टाळीवरच आहे. पण व्ये-ने मध्ये टाळी मोकळी आहे, तर वेङ्-गो मध्ये ती अनुनासिकाने बंद केलेली. म्हणून तिथे 'ए' पसरलाच नाही. सगळ्याच शब्दांत असं होत नाही, पण पुष्कळ शब्दांत होतं. आपल्याकडेही शेपटी लागली की मुळातला स्वर आखडतो. दूध, पण दुधाळ. मीठ, पण मिठागर. कारणं वेगळी असली, तरी एकाच मुळाला दोन रूपं असतात ही गोष्ट तुमच्या ओळखीची आहे.

पण 'पान्'चा प्रवास इटलीपुरता थांबला नाही. ते मूळ लॅटिन 'पानिस'मधून आलं आणि लॅटिनच्याच पोटी जन्मलेल्या पोर्तुगीज भाषेतही ते होतं. तिथे मधला 'न' हळूहळू विरघळला आणि मागे फक्त नाकातला सूर राहिला: 'पांव'. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला. त्यांच्याबरोबर हा शब्द आपल्याकडे आला, नाकातला सूरही गळला आणि राहिला आपला 'पाव'! वडापाव, मिसळपाव, पावभाजी, सगळीकडे तोच. गोव्यात भल्या पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकायला येतो तो 'पोदेर'. त्याचं नावही पोर्तुगीज 'पादेइरु'वरून आलेलं, म्हणजे पाव करणारा. हा इटलीतल्या पानेत्तिएरेचा चुलतभाऊच की!

आणखी एका शब्दात हे मूळ लपून बसलंय. इटालियनमध्ये सोबत्याला 'कोम्पान्यो' म्हणतात. 'कोम्' म्हणजे बरोबर, आणि पुढे आपलं 'पान्'. बरोबर बसून एकच पाव वाटून खाणारे ते सोबती. याच मुळावरून फ्रेंचमध्ये शब्द गेला, फ्रेंचमधून इंग्रजीत, आणि इंग्रजीतून मराठीत 'कंपनी' आली. 'कंपनी'मधला 'पन' पुन्हा एकदा नीट बघा.

आता एक काम तुमच्यासाठी. 'लिब्रो' म्हणजे पुस्तक. 'लिब्रेत्तो' म्हणजे छोटं पुस्तक, आणि ऑपेरा नावाच्या गाण्याच्या नाटकाच्या संहितेलाही लिब्रेत्तोच म्हणतात. 'लिब्रेरीया' म्हणजे काय, ते शेपटीवरून तुम्हीच ओळखा. (सावध राहा, ते वाचनालय नाही!) मग तिन्ही शब्दांवर आधी अर्थाची सुरी चालवा आणि नंतर टाळ्या वाजवा. 'ब्र' फोडायचा की नाही अशी शंका आली, तर गाण्याच्या मैफलीत इटालियन माणूस खूश होऊन काय ओरडतो, ते आठवा: "ब्रावो!"